देवगिरीचें मीठ

देवगिरीचा पराभव मी वर्गांत एकाच वाक्यांत शिकवीत असें : "धान्याचीं म्हणून गडावर नेलेलीं पोतीं मिठाचीं निघालीं!" निवृत्तीनंतर गड प्रत्यक्ष पाहिला आणि त्या वाक्याची लाज वाटली.

बाराव्या शतकांत यादव भिल्लमानें येथें राजधानी वसविली. सुमारें २०० मीटर उंचीच्या या डोंगराचे कडे भिंतीसारखे उभे तासलेले आहेत. भोंवतीं खडकांत खोदलेला खंदक, आणि वर जाण्यास 'अंधारी' हा काळोखा भुयारी मार्ग. तेथें वाटाड्यानें पलिता विझविला, तेव्हां शेजारचा माणूसहि दिसेना.

असा गड १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजीपुढें कां नमला? मिठाची हकीकत फिरिश्ता सांगतो. पण तो लिहितो तीनशें वर्षांनंतर. ती खरी असो वा नसो, रामदेवरायाची मुख्य फौज युवराजाबरोबर दूर गेली होती, आणि शत्रु अगदीं जवळ येईपर्यंत राजधानी बेसावध होती. कडा कितीहि तासला तरी पहारा माणसांनींच करावा लागतो.

मिठाचा दोष व्यापाऱ्याच्या माथीं मारतां येतो. बेसावधपणाचा दोष आपल्याच पदरीं येतो. म्हणूनच ही मिठाची कथा आपणांस इतकी गोड लागते! ती टाकून द्यावी, असें मी म्हणत नाहीं. मात्र तिला इतिहासाच्या आसनावर बसवूं नये.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी ऐकत असल्यास त्यानें आपल्या वहींत एवढी दुरुस्ती करून घ्यावी. चूक गुरुजींची होती.