इरकल

कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात इळकल या गावी हातमागावर विणले जाणारे लुगडे. गावाच्या नावावरूनच मराठीत ‘इरकल’ किंवा ‘इरकली लुगडे’ ही नावे रूढ झाली. अंग बहुधा सुती, तर काठ आणि पदर रेशमी, अशी त्याची परंपरागत घडण असते.

अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळे असून एकेक धागा फाशाने एकमेकांत अडकवून ते जोडतात. या जोडणीला ‘कोंडी’ म्हणतात. ही जोडणी प्रत्येक लुगड्यासाठी नव्याने करावी लागत असल्याने ताणा एका नगाच्या मापाचाच, म्हणजे सहा, आठ किंवा नऊ वारी, बेततात.

लाल रेशमी पदरावर पांढरी नक्षी विणतात. या पदराला ‘टोप तेणी’ म्हणतात. कन्नडमध्ये तेणी म्हणजे कणीस. फणी आणि कोटाची तटबंदी हे आकारही पदरावर आढळतात. काठाच्या प्रकारांत गोमी, परसपेठ आणि गाडी हे प्रमुख होत. अंगात बारीक चौकटी किंवा रेघा असतात.

इरकलीवर कसुती हे भरतकामही करतात. त्यात गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंती हे चार टाके असून मंदिराचे गोपुर, रथ, पालखी, हत्ती या आकृती कापडाचे धागे मोजून भरतात.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांत नऊवारी इरकल व खणाची चोळी हा स्त्रियांचा नित्याचा पोशाख होता. इरकलीला भौगोलिक निर्देशांक लाभला आहे.