सौरसंच बंद पडला तर : दोष शोधण्याची रीत

विजेची तार न पोहोचलेल्या वस्तीवर सौरसंच बसतो, तेव्हा पहिली एक-दोन वर्षे त्याच्याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. दिवे लागतात, मोबाइल चार्ज होतात, एखादा पंखाही फिरतो. मग एखाद्या पावसाळ्यानंतर दिवा संध्याकाळीच मंदावू लागतो आणि घरात एकच निदान होते : बॅटरी गेली. सातपुड्यातील अक्राणी-अक्कलकुव्याचे पाडे असोत, मेळघाटातील गावे असोत वा भामरागडच्या जंगलातील वस्त्या असोत. दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याहून आणायचा म्हणजे त्याचा दिवस आणि प्रवासखर्च दोन्ही अंगावर घ्यावे लागतात. त्यापेक्षा बॅटरी भंगारात घालणे सोपे वाटते. पॅनेल छपरावर तसेच राहते आणि घर पुन्हा अंधारात जाते. वास्तविक पुष्कळदा बॅटरी शाबूत असते आणि दोष एखाद्या सैल नटात, गंजलेल्या जोडात किंवा जळालेल्या फ्यूजमध्ये असतो. तो शोधण्यासाठी मोठी विद्या लागत नाही; क्रम मात्र पाळावा लागतो.

साधन म्हणून एक डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. डीसी प्रवाह मोजणारा क्लँप मीटर असल्यास उत्तमच, परंतु बाजारातील स्वस्त क्लँप मीटर बहुधा केवळ एसी प्रवाह मोजतात, हे विकत घेताना पाहून घ्यावे. मल्टिमीटरची लाल तार प्रवाह मोजण्याच्या सॉकेटमध्ये राहून गेली आणि तशीच ती बॅटरीच्या टोकांना लावली, तर मीटर बॅटरीला थेट शॉर्ट करतो. त्यात मीटरचा फ्यूज गेला तर थोडक्यात निभावले म्हणायचे. काम करताना हातातील कडे व अंगठी काढून ठेवावी आणि पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी. बारा व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही हे खरे. पण बॅटरीच्या दोन टोकांवर आडवा पडलेला पाना क्षणात लालभडक होतो.

आरंभ बॅटरीपासून

सर्व भाग ज्या एका बिंदूशी येऊन मिळतात तो बॅटरीचा, म्हणून तपासणी तेथून सुरू करावी. शिसे-आम्ल बॅटरीचे व्होल्टेज चार्जिंग चालू असताना किंवा नुकतेच थांबले असताना मोजले तर ते फसवे असते. पॅनेल व दिवे दोन्ही तोडून तीन-चार तास विसावा द्यावा आणि मग मोजावे. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी आणि ११.९ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. विसाव्यानंतरही आकडा १०.५ च्या घरात थांबत असेल, तर सहापैकी एक सेल निकामी झाल्याची दाट शक्यता असते, कारण प्रत्येक सेल साधारण दोन व्होल्टचा असतो.

तथापि, नुसत्या या आकड्यावर निवाडा देऊ नये. विसाव्यात १२.६ दाखवणारी बॅटरी पंखा लावताच १० व्होल्टवर घसरत असेल, तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसला आहे किंवा टोकाचा जोड खराब आहे. या दोहोंतील भेद ओळखणे सोपे आहे. भार चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरी त्या खांबावर बसवलेल्या थिंबलवर टेकवावी. चांगल्या जोडात केवळ काही मिलिव्होल्ट दिसतात. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष बॅटरीचा नसून जोडाचा आहे. टोके सोडवून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून पांढरा-हिरवा थर धुवावा (सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये), धातू चमकेपर्यंत घासावा, नट घट्ट करावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. एवढ्याने 'गेलेली' बॅटरी परत येण्याचे प्रकार थोडे नाहीत.

पाणी घालण्याची सोय असलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत हायड्रोमीटर हे मीटरहून अधिक बोलके साधन होय. प्रत्येक सेलची घनता स्वतंत्र मोजून लिहून ठेवावी. पाच सेल १.२३० दाखवत असतील आणि सहावा १.१८० वर असेल, तर रोग कोठे आहे हे वेगळे सांगायला नको. सर्व सेल सारखेच खाली असतील तर मात्र बॅटरी आजारी नाही, उपाशी आहे, आणि मग शोध पॅनेलकडे न्यावा लागतो. पातळी कमी झाली की डिस्टिल्ड वॉटरच घालावे. 'जोर यावा' म्हणून आम्ल घालण्याची जी पद्धत काही ठिकाणी रूढ आहे, ती बॅटरी लवकर मारण्याची पद्धत आहे; उडून जाते ते पाणी, आम्ल आतच राहते. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, म्हणून बॅटरी माजघरात देवघराच्या समईजवळ ठेवू नये, हेही येथेच सांगितलेले बरे.

दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टचा संच केला असेल तर दोन्हींचे व्होल्टेज वेगवेगळे मोजावे. एक १३.२ आणि दुसरी ११.६ अशी तफावत दिसली, तर बहुधा जुनी व नवी बॅटरी एकत्र बांधलेली असते. अशा जोडीत जुनी कधीच भरत नाही आणि नवी गरजेपेक्षा जास्त भरली जाऊन तापते.

अलीकडे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत. त्यांचे व्होल्टेज बहुतांश काळ १३ च्या आसपास स्थिर राहते, त्यामुळे वरील आकडे त्यांना लागू नाहीत. मीटरवर शून्य किंवा अगदी थोडे व्होल्ट दिसले तरी ती मेली असे समजू नये. आतील संरक्षक सर्किटने स्वतःच वाट बंद केलेली असू शकते. योग्य चार्जर लावल्यावर ती सहसा जागी होते.

पॅनेलचा खोटा साक्षीदार

बारा व्होल्टच्या पारंपरिक पॅनेलमध्ये ३६ सेल असतात. तार सोडवून उन्हात मोजले तर २१-२२ व्होल्ट दिसतात आणि पाहणारा निर्धास्त होतो. हाच तो खोटा साक्षीदार. काहीही न जोडलेल्या पॅनेलचे व्होल्टेज ढगाळ हवेतही जवळजवळ तेवढेच दिसते, कारण प्रकाश कमी झाला की घटतो तो मुख्यतः प्रवाह. म्हणून खरी परीक्षा प्रवाहाची. कडक उन्हात पॅनेल कंट्रोलरपासून सोडवून मीटर दहा अँपिअरच्या पल्ल्यावर ठेवावा व दोन टोकांना थेट लावावा. पॅनेलच्या मागील पट्टीवर छापलेल्या शॉर्ट सर्किट प्रवाहाशी येणारा आकडा ताडून पाहावा. शंभर वॅटच्या पॅनेलला हा प्रवाह सहा अँपिअरच्या आसपास असतो. ही चाचणी एकट्या लहान पॅनेलवरच करावी. अनेक पॅनेलांच्या ओळीवर नव्हे आणि बॅटरीवर तर कदापि नव्हे.

प्रवाह कमी आला तर प्रथम काच पाहावी. धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कोकणात खालच्या कडेला धरणारे शेवाळ ही नेहमीची कारणे आहेत. धुण्याचे काम सकाळी करावे. तापलेल्या काचेवर भर दुपारी गार पाणी ओतू नये, आणि क्षारयुक्त बोअरचे पाणी पांढरे डाग सोडते हे ध्यानात ठेवावे. दुसरे कारण सावली. अंगणातील आंबा पाच वर्षांत वाढतो, पॅनेल मात्र जागचे हलत नाही. ३६ सेलच्या पॅनेलमध्ये बहुधा दोन बायपास डायोड असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला १८ सेल येतात. एका सेलवर माडाच्या झावळीची पूर्ण सावली पडली की ती अख्खी बाजू वगळली जाते, उरलेली बाजू नऊ व्होल्टच्या आसपास काम करते आणि नऊ व्होल्टने बारा व्होल्टची बॅटरी भरत नाही. हातभर सावलीने पूर्ण चार्जिंग थांबते ते असे. ऊन असताना दर तासाला एकदा छपराकडे नजर टाकली तरी हा चोर सापडतो.

विदर्भात एक वेगळीच तक्रार ऐकू येते : उन्हाळ्यात ऊन जास्त, तरी बॅटरी भरत नाही. यात नवल काहीच नाही. हवा ४५ अंशांवर गेली की सेलचे तापमान ७० अंशांपर्यंत चढते आणि कामाचे व्होल्टेज दर अंशाला सुमारे ०.४ टक्के घटते. २५ अंशांना १८ व्होल्ट देणारे पॅनेल अशा दुपारी १५ व्होल्टच्या आतबाहेर येते. बॅटरीला पूर्ण भरण्यासाठी १४.४ व्होल्ट हवे असतात. म्हणजे तारेत हरवण्यासाठी जेमतेम अर्धा व्होल्ट उरतो. येथून प्रश्न तारेकडे जातो.

तार : दुर्लक्षित गुन्हेगार

घरगुती २३० व्होल्टच्या वायरिंगची सवय असलेला माणूस बारा व्होल्टसाठीही तीच बारीक वायर ओढतो, आणि सर्वांत जास्त नुकसान येथे होते. पॅनेल ते कंट्रोलर हे अंतर १५ मीटर धरले तर जाऊन-येऊन तार ३० मीटर होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा विरोध तेवढ्या लांबीत सुमारे ०.४ ओहम भरतो. सहा अँपिअर वाहू लागले की २.४ व्होल्ट तारेतच जिरतात. हिवाळ्यात हे खपून जाते, मे महिन्यात खपत नाही. तीच तार सहा चौरस मिलिमीटरची असेल तर तोटा ०.६ व्होल्टवर येतो. पडताळा अगदी सोपा : चार्जिंग जोरात चालू असताना पॅनेलच्या टोकांशी आणि कंट्रोलरच्या टोकांशी व्होल्टेज मोजून वजाबाकी करावी.

जोडांचेही तेच. नुसत्या पिळा देऊन टेप मारलेला जोड पावसाळ्यात आतून काळा पडतो. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत तर आणखी लवकर. एमसी-४ कनेक्टर दिसायला सारखे असले तरी दोन वेगळ्या बनावटींचे नर-मादी एकमेकांत बसवले तर ते नीट पकडत नाहीत आणि तापून वितळतात. जंक्शन बॉक्सचे झाकण उघडले की मुंग्यांचे वारूळ किंवा पालीची अंडी मिळणे हा या व्यवसायातील नित्याचा अनुभव होय. तारेचे छिद्र ग्लँडने बंद करणे हाच त्यावर उपाय.

फ्यूज जळाला की त्याजागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी बसवली जाते. बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी भिंतीतील वायर जळेल. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात हवा. एसीचे साधे एमसीबी पॅनेलच्या बाजूस वापरणेही धोक्याचे आहे. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते; डीसीत तसे घडत नाही आणि ठिणगीची ज्योत टिकून राहते. याच कारणाने चालू भारात कनेक्टर ओढून काढू नये.

कंट्रोलर व इन्व्हर्टर

कंट्रोलरला जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना उलट क्रम. अनेक कंट्रोलर बॅटरी पाहूनच १२ की २४ व्होल्ट ते ठरवतात. दुपारी बॅटरी भरू लागली तरी दिवा लागत नाही, ही तक्रार पुष्कळदा दोषाची नसते. रात्री व्होल्टेज ११ च्या आसपास गेल्यावर कंट्रोलर भार तोडतो आणि ते १२.५ च्या पुढे गेल्याखेरीज परत जोडत नाही.

आता एक नवा घोळ सुरू झाला आहे. बाजारात ३६ सेलचे पॅनेल कमी दिसते आणि घरांच्या छतांसाठी बनलेली मोठी पॅनेले स्वस्तात मिळतात. साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरमार्फत ३०० वॅटचे ६० सेलचे पॅनेल बारा व्होल्टच्या बॅटरीला लावले तर प्रवाह साडेनऊ अँपिअरच राहतो, व्होल्टेज बॅटरीइतके खाली येते आणि हाती १२५ वॅटच्या आसपास पडतात. पॅनेल सदोष नसते, जोडी विजोड असते. तेथे एमपीपीटी कंट्रोलरच हवा. मोठ्या पॅनेलचे मोकळे व्होल्टेज पन्नाशीला टेकते आणि काही स्वस्त कंट्रोलर तेवढे सोसत नाहीत, हेही खरेदीपूर्वी पाहावे.

इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोड टोकांवर न जोडता फ्यूजमार्फत थेट बॅटरीवर जोडावा. मिक्सर सुरू करताच तो शिट्टी वाजवून बंद पडत असेल, तर त्याच क्षणी त्याच्या स्वतःच्या डीसी टोकांवर व्होल्टेज पाहावे. ८०० वॅटसाठी तो बारा व्होल्टवर सुमारे ७४ अँपिअर ओढतो. एवढ्या प्रवाहात ओहमच्या शंभराव्या भागाइतका सैल जोडही पाऊण व्होल्ट खातो आणि ५५ वॅट उष्णता निर्माण करतो. थिंबलला हात लावताच चटका बसला तर निदान झाले. लहान इन्व्हर्टरच्या दोन्ही टोकांवर टेस्टर मंद पेटतो, तो बहुधा दोष नसतो. पुस्तिका न पाहता न्यूट्रल अर्थला बांधू नये.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेतून आणि राज्याच्या २०२४ च्या मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेतून शेतांवर आलेले पंप मात्र या रीतीत बसत नाहीत. त्यांच्या पॅनेलांच्या ओळीत शेकडो व्होल्ट असू शकतात आणि स्विच बंद केला तरी दिवसा ते टोकांवर असतातच. शेतकऱ्याने काच पुसावी, सावली हटवावी, विहिरीची पातळी पाहावी, पडद्यावरील दोषाचा क्रमांक टिपून घ्यावा. पेटी उघडू नये. दुरुस्तीनंतर पंप फिरतो पण पाणी निम्मेच येते, असे झाल्यास तीन फेजच्या मोटरचे दोन वायर अदलाबदल होऊन ती उलटी फिरत असल्याची शक्यता मेकॅनिकच्या नजरेस आणून द्यावी.