चिमूटभर द्रव्य आणि सूर्याची वीज

वाचकहो, नव्या पेठेत कापड घेताना आपण दुकानदाराला हमखास विचारतो, "रंग पक्का आहे ना?" रंग पक्का होतो तो केवळ रंगामुळे नव्हे. सुती धागा रंगविताना पाण्यात मीठ टाकतात, म्हणजे रंग धाग्याकडे ओढला जातो. रिॲक्टिव्ह रंग असेल तर सोडाही टाकतात, म्हणजे तो धाग्याशी कायमचा जोडला जातो. कापडात मीठ दिसत नाही, सोडाही दिसत नाही; पण त्यांच्यावाचून काम फसते. सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या एका नव्या पदार्थाचा इतिहासही असाच आहे.

१८३९ साली गुस्ताव रोझे या जर्मन शास्त्रज्ञाने उरल पर्वतातील एका खनिजाला लेव्ह पेरोव्हस्की या रशियन गृहस्थांचे नाव दिले. पुढे त्याच स्फटिकरचनेचे, शिसे व आयोडीन असलेले पदार्थ प्रयोगशाळेत तयार झाले. २००९ साली जपानात मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपासून सौरघट बनविला. सूर्यप्रकाशाच्या अवघ्या ३.८ टक्के भागाची त्यात वीज होई. आज लहान घटांत हे प्रमाण २६ टक्क्यांच्या वर गेले आहे.

हे कसे घडले? हा पदार्थ द्रवात विरघळवून काचेवर शाईसारखा पसरतात. द्रव सुकताना स्फटिक घाईने बनले, तर थराला छिद्रे पडतात. २०१४ साली कोरियातील संशोधकांनी डीएमएसओ नावाचा द्रव वापरून ही घाई आवरली. परंतु ती रीत गरगर फिरणाऱ्या लहान काचेसाठी होती. कारखान्यात मोठ्या काचेवर पात्याने शाई ओढावी लागते, आणि सुकताना शाई जागोजागी गोळा होते. २०१८ साली अमेरिकेत जिन्सोंग हुआंग यांच्या गटाने शाईत लेसिथिन वर्गातील एक द्रव्य मिसळले. दहा लाख भागांत केवळ २० भाग! शाई एकसारखी बसली आणि तासाला १८० मीटर वेगाने थर देता आला. लेसिथिन अंड्याच्या बलकात असते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम चालू आहे. मुंबईच्या आयआयटीत २०१० साली सौरवीज संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. तेथे सिलिकॉनच्या घटावर पेरोव्हस्काइटचा घट ठेवून दोघांची वीज एकत्र घेण्याचे प्रयोग होतात. अडचणी मात्र संपलेल्या नाहीत. ओलावा व उष्णता यांनी हा पदार्थ बिघडतो, आणि फुटलेल्या पट्टीतले शिसे मातीत जाऊ नये ही काळजी घ्यावीच लागते. त्यावरही योग्य द्रव्याचा शोध चालू आहे.

एका पालकांनी मला विचारले, "सर, रसायनशास्त्र शिकून पोराचे पोट भरेल काय?" ते स्वतः रंगाईचे काम करतात. सोलापुरात गिरण्यांचे भोंगे थांबले, तेव्हा किती घरांच्या चुली अडल्या, हे आपण जाणतो; त्यामुळे हा प्रश्न मला गैर वाटला नाही. मी त्यांना इतकेच म्हणालो, "पाण्यात मीठ किती व केव्हा टाकायचे हे तुमच्या हाताला कळते. ते का टाकायचे हे तुमच्या मुलाला पुस्तकातून कळू द्या."

पालकहो, येत्या सुट्टीत मुलाला, आणि मुलीलाही, एकदा रंगाईचे काम दाखवा. "मीठ का टाकतात?" असे त्यांनी विचारले, तर ते शाळेत आम्हालाही विचारण्यास सांगा. उत्तर द्यायला आम्ही बसलोच आहोत.