तुमच्याकडे किती?

दरवर्षी जुलै आला की आमच्या घरात २६ जुलै २००५ चा विषय निघतोच. तेव्हा मी उपनगरातल्या एका शाळेत शिकवत होते. दुपारी पाऊस सुरू झाला तो थांबेचना. रस्त्यावर कमरेइतके पाणी, लोकल बंद, फोन बंद. न्यायला कोणी न आलेली मुले घेऊन आम्ही शिक्षिका रात्रभर वरच्या मजल्यावर बसून होतो. पाचवीतल्या एका मुलीचे वडील तिला न्यायला निघाले होते. ते तिसऱ्या दिवशी आले. शहरात चारशेहून अधिक माणसे मात्र कधीच घरी परतली नाहीत.

माझे थोरले भाऊ, दादा, तेव्हा कुलाब्याला राहत. फोन लागला तेव्हा म्हणाले, "अगं, आमच्याकडे तर नेहमीसारखाच पाऊस होता. तुम्ही मास्तरणी जरा घाबरटच!" मला इतका राग आला की आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

मग वर्तमानपत्रात आकडे वाचले. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, म्हणजे तीन फुटांहून जास्त. कुलाब्याला ७३! एकाच शहरात, विसेक-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात. दादा खोटे बोलत नव्हते आणि मीही नाही.

गंमत म्हणजे वेधशाळेच्या नोंदीत हा पाऊस २७ जुलैचा आहे. सकाळी साडेआठला मोजणी होते आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावावर चढतो.

तेव्हापासून एक विचार पाठ सोडत नाही. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, सांताक्रूझचे केंद्र पुष्कळ नंतरचे. कितीतरी वर्षे कुलाब्याचा पाऊस म्हणजेच मुंबईचा पाऊस. तिथला विक्रम ५ जुलै १९७४ चा, सुमारे ५७५ मिलिमीटर. पण समजा, दीडशे वर्षांपूर्वी कुर्ला-पवईकडे असाच पाऊस कोसळला असता, तर कुलाब्याच्या वहीत काय लागले असते? कदाचित ७३! मिठीकाठच्या कोणा म्हातारीने "आभाळ फाटलं होतं" असे सांगितले असते आणि शहाण्यांनी वहीकडे बोट दाखवून तिला गप्प केले असते.

म्हणून "शंभर वर्षांत असा पाऊस झाला नाही" असे मी आता बेधडक म्हणत नाही. जिथे मोजले, तिथे झाला नाही, एवढेच खरे. मोजमाप हवेच, नाहीतर आम्हा भावाबहिणीचे भांडण मिटले नसते. पण ते जागोजागी हवे. त्या पुरानंतर पालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, हे फार बरे झाले.

असो. दादांनी आता ऐंशी ओलांडली आहे. पाऊस जोराचा लागला की अजून त्यांचा फोन येतो. कशी आहेस, हे नंतर. आधी विचारतात, "तुमच्याकडे किती?"