सीमाभागातील बालक आणि दूरचित्रवाणी

लहान मुलांनी दूरचित्रवाणी पाहावी की पाहू नये, या प्रश्नावर बेळगाव-निपाणीकडील पालकांची मते ऐकू लागले, की त्यांचे सामान्यतः दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, या पेटीने पोरे बिघडली. खेळ सुटला, जेवताना पानाकडे लक्ष उरले नाही. दुसरा पक्ष म्हणतो, पोटाचा उद्योग सांभाळताना मुलाला तासभर गुंतवावे तरी कशात? मांडीवर सूप घेऊन घरी बिड्या वळणाऱ्या निपाणीच्या मातेचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु या पेटीतून मुलाशी बोलते कोण आणि कोणत्या भाषेत, हा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला, तर सीमाभागापुरता तोच प्रश्न पहिला ठरावा, असे आम्हांस वाटते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर शाळा, पाट्या आणि सरकारी कागद यांच्या भाषेवरून किती वाद झाले, हे वाचकांस सांगावयास नको. रेडिओने मात्र ही सीमा फारशी मानली नाही. धारवाडचे केंद्र १९५० पासून कन्नड ऐकवीत होते, पुण्याचे १९५३ पासून व सांगलीचे १९६३ पासून मराठी. रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीच्या वळणावरूनही दूरवर जातात. ज्याला जे रुचेल ते त्याने खुंटी पिळून ऐकावे. दूरचित्रवाणीच्या लहरींचे तसे नाही. मनोऱ्यापासून त्या बहुतांशी दृष्टीच्या टप्प्यापुरत्याच पोहोचतात. म्हणून मनोरा कोठे उभा राहतो आणि त्यावरून कोणत्या केंद्राचा कार्यक्रम फेकला जातो, यावरच लहान मुलाची भाषा ठरू लागली.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'किलबिल'सारखा मराठी बालकार्यक्रम तेथून होऊ लागला. पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्याने तो पुण्याच्या परिसरात नेला. पण तीनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या बेळगावपर्यंत तो येणे शक्य नव्हते. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यात सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी राखलेली होती. आमच्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातील खेडी त्यात होती. बेळगाव जिल्हा नव्हता. प्रयोगाच्या भाषा हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड या चार होत्या. मराठी त्यांत नव्हती.

१९८२ मध्ये दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९८४ च्या सुमारास देशभर लहान मनोऱ्यांचे जाळे पसरले. आमच्याकडील मुलांना दूरचित्रवाणीची खरी ओळख झाली ती तेव्हा, आणि ती हिंदीतून. पुढे १९९७ साली 'शक्तिमान' आला. शक्तिमान वाचवावयास येईल या भाबड्या विश्वासाने मुलांनी स्वतःस इजा करून घेतल्याच्या बातम्या छापून आल्या, तेव्हा देशभर पालकांनी आवाज उठविला. नायकाची भूमिका करणाऱ्या मुकेश खन्ना यांना, माझे अनुकरण करू नका, असे मुलांना पडद्यावरून विनवावे लागले. पालकांच्या मताला वजन असते, याचा तो चांगला दाखला होय.

त्यानंतर उपग्रह वाहिन्यांचे युग आले. १९९५ साली कार्टून नेटवर्क, २००४ साली पोगो, २००८ साली 'छोटा भीम', आणि २००९ साली कन्नड मुलांसाठी 'चिंटू' ही स्वतंत्र वाहिनी. १९९९ मध्ये अल्फा मराठी निघाली व मराठी अखेर घरात पोहोचली खरी. पण अशा वाहिन्यांची संध्याकाळ प्रौढांच्या मालिकांनी व्यापलेली. परिणाम आमच्या अंगणात ऐकू येतो. घरात मराठी किंवा कोकणी बोलणारी चार-पाच वर्षांची पोरे लुटुपुटीची लढाई हिंदीत खेळतात. कोकणीला १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. परंतु परिशिष्टातील स्थान वेगळे आणि बालकाच्या खेळातील स्थान वेगळे.

अधिक भाषा कानी पडणे हा तोटा नव्हे. बेळगावच्या बाजारात वाढणारे मूल तीन-चार भाषा सहज उचलते आणि ते त्याचे भाग्यच आहे. तोटा तेव्हा होतो, जेव्हा पराक्रम, नवल आणि विनोद परभाषेतून येतात आणि घरच्या भाषेकडे केवळ 'जेव', 'झोप' आणि 'गप्प बस' एवढेच उरते.

यावर पालकांनी काय करावे? १९६८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये पेगी चॅरेन व त्यांच्या सोबतच्या काही माता एकत्र आल्या. त्यांनी नुसती तक्रार केली नाही. नेमक्या मागण्या केल्या आणि बावीस वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. १९९० साली मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवर मर्यादा घालणारा कायदा झाला. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्याच राज्यात २०१२ साली 'सत्यमेव जयते' ही मालिका कन्नडमधून दाखविता आली नाही, कारण परभाषेतील कार्यक्रमांना कन्नड आवाज देण्यास चित्रव्यवसायाचा विरोध होता. कन्नड ग्राहकर कूट या ग्राहकांच्या संघटनेने स्पर्धा आयोगाकडे दाद मागितली आणि २०१५ साली निकाल तिच्या बाजूने लागला. आपल्या भाषेत पाहावयास मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, हे आमच्या कन्नड शेजाऱ्यांनी सिद्ध केले. त्यांच्यापासून हा धडा घेण्यात मराठी व कोकणी पालकांस कमीपणा वाटू नये. एकाच चित्राला अनेक भाषांचा आवाज जोडणे आज तंत्रदृष्ट्या सोपे आहे, मागणारे हवेत.

वेळेची मर्यादा तर पाळलीच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की दोन वर्षांखालील मुलास पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एक तासाहून अधिक दाखवू नये. मूल बसून असेल तेव्हा मोठ्यांनी त्याला वाचून दाखवावे, गोष्ट सांगावी. हा तास हिंदीत गेला तरी बिघडत नाही. मात्र पेटी बंद झाल्यावर 'काय पाहिलेस, सांग पाहू' एवढे आईने वा आजोबांनी आपल्या भाषेत विचारावे. मुलाला ती गोष्ट मराठीत वा कोकणीत सांगता आली, तर ती त्याची झाली.