राज्य संघाच्या पातळीवर थांबलेली कारकीर्द : भाऊसाहेब निंबाळकर

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके क्रिकेटच्या कारभारात महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या क्षेत्रात येतात. मुंबई आणि विदर्भ यांचे संघ वेगळे असल्याने क्रिकेटमधला ‘महाराष्ट्र’ राज्याच्या सीमांपेक्षा लहान आहे, आणि नारायणगाव, मंचर किंवा घोडेगाव येथील खेळाडूच्या दृष्टीने राज्य पातळी म्हणजे या असोसिएशनचा रणजी संघ होय. १९३४-३५ मध्ये सुरू झालेली रणजी करंडक स्पर्धा ही प्रांतिक आणि संस्थानी संघांची प्रथम श्रेणी, म्हणजे अनेक दिवस चालणाऱ्या सामन्यांची, स्पर्धा होती. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे ती जिंकली.

या पातळीवरच्या कारकिर्दीचे मोठेपण आणि तिच्या मर्यादा कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर (१९१९–२०१२) यांच्या उदाहरणातून जितक्या स्पष्ट होतात, तितक्या क्वचितच अन्यत्र दिसतात. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध झालेल्या रणजी सामन्यात प्रतिपक्षाचा पहिला डाव २३८ धावांत आटोपल्यावर महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा केल्या, आणि त्यांत निंबाळकर यांच्या नाबाद ४४३ धावा होत्या. कमल भांडारकर (२०५) यांच्यासह त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. डॉन ब्रॅडमन यांनी १९३० मध्ये केलेल्या नाबाद ४५२ धावांचा तत्कालीन विश्वविक्रम मोडण्यास केवळ १० धावा हव्या असताना, खेळाच्या विश्रांतीत काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी डाव घोषित करण्याची मागणी केली आणि ती मान्य न झाल्याने सामना सोडून संघ परत नेला.

हा प्रसंग अखिलाडूपणाचा म्हणूनच बहुधा सांगितला जातो. परंतु सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ सरस ठरतो, हा नियम ध्यानात घेतला तर महाराष्ट्राचे स्पर्धेतले काम केव्हाच झाले होते आणि पुढची फलंदाजी प्रामुख्याने विक्रमासाठी उरली होती, हेही नोंदवावे लागते.

त्याच हंगामात वेस्ट इंडीजचा संघ भारतात कसोटी मालिका खेळत होता, तरी निंबाळकर यांना त्यात स्थान मिळाले नाही आणि पुढेही ते एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. बडोदा, होळकर, राजस्थान आणि रेल्वे अशा संघांकडूनही ते खेळले. खेळाडूला नोकरी किंवा आश्रय देणारी संस्थाने आणि खाती हाच त्या काळी क्रिकेटचा आर्थिक आधार असल्याने असे स्थलांतर स्वाभाविक होते. हा आधार राजधान्या, छावण्या, महाविद्यालये आणि रेल्वे यांभोवती एकवटलेला होता, तर जुन्नर-आंबेगावासारख्या शेतीप्रधान आणि लोहमार्गापासून दूर असलेल्या तालुक्यांना तो जवळपास उपलब्ध नव्हता; म्हणून राज्य पातळीचा प्रश्न केवळ गुणवत्तेचा नव्हे, तर पोहोचीचाही ठरतो.

हनीफ महंमद (४९९, १९५९) आणि ब्रायन लारा (नाबाद ५०१, १९९४) यांनी पुढे ब्रॅडमन यांना मागे टाकले. तथापि प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची सर्वोच्च खेळी म्हणून निंबाळकर यांच्या ४४३ धावा कायम आहेत. कसोटी टोपी हे फलंदाजाचे एकमेव माप मानण्याच्या प्रघाताला या नोंदीइतके सबळ उत्तर दुसरे नाही.