एकच बार, समोर ग्रिझली

अमेरिकेच्या पश्चिमेकडील शिकारीचा इतिहास सांगताना एक समज वारंवार पुढे येतो. एका वेळी एकच गोळी झाडणारी रायफल हाती असल्यामुळे जुना शिकारी संयमी होता, अचूक नेमाचा होता आणि जनावराचा मान राखणारा होता, असा तो समज आहे. आजही अस्वलांच्या मुलखात मुद्दाम सिंगल-शॉट रायफल घेऊन जाणारे हौशी शिकारी याच परंपरेचा दाखला देतात. एकोणिसाव्या शतकातला पुरावा मात्र वेगळे सांगतो. शिकाऱ्याला आवर घालणारी गोष्ट त्याच्या बंदुकीपेक्षा समोरच्या जनावराच्या ताकदीत होती. नेम चुकल्याची किंमत जोवर शिकाऱ्याला स्वतःच्या जिवाने मोजावी लागत होती, तोवर ग्रिझली अस्वल टिकून राहिले. ती किंमत नाहीशी झाल्यावर शंभर वर्षांच्या आत ते जवळजवळ सगळ्या पश्चिमेतून नाहीसे झाले.

या पुराव्याची सुरुवात लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेपासून करावी लागते. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी पाठवलेली ही तुकडी मे 1804 मध्ये मिसूरी नदीतून वर निघाली आणि सप्टेंबर 1806 मध्ये परतली. तिच्याकडच्या बंदुका चकमकीच्या आणि ठासणीच्या होत्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी गजाने तळापर्यंत ठासायची, कानात बारीक दारू घालायची आणि मग घोडा ओढायचा. हात कितीही सरावलेला असला तरी दुसरा बार भरायला अर्धा मिनिट सहज जाई. 1804-05 चा हिवाळा तुकडीने मंडन आणि हिदात्सा या मूळनिवासी लोकांच्या शेजारी काढला. ग्रिझलीवर आपण सहा, आठ किंवा दहा जणांच्या टोळीनेच जातो आणि तरीही पुष्कळदा एखादा माणूस गमावतो, असे त्या लोकांनी सांगितले. निघण्यापूर्वी ते शेजारच्या टोळीवर चढाई करताना करावेत तसे अंग रंगवण्याचे विधी करत. लुईसने ही माहिती लिहून ठेवली, पण तिचा अर्थ त्याच्या लक्षात आला नव्हता. एप्रिल 1805 च्या अखेरीस पहिले ग्रिझली मारल्यावर त्याने लिहिले की धनुष्यबाण आणि व्यापाऱ्यांनी दिलेल्या हलक्या बंदुका बाळगणाऱ्यांना ही भीती साहजिक आहे, मात्र कसलेल्या रायफलधाऱ्याला हे जनावर तितके भयंकर नाही.

पुढच्या सहा आठवड्यांत हे मत पार बदलले. 5 मे रोजी क्लार्क आणि तुकडीतला शिकारी द्रुइयार यांनी एक प्रचंड अस्वल मारले. त्याला दहा गोळ्या लागल्या होत्या आणि त्यांतल्या पाच फुप्फुसातून गेल्या होत्या. तरीही ते अर्धी नदी पोहून वाळूच्या पट्ट्यावर पोचले आणि मरायला त्याला किमान वीस मिनिटे लागली. 14 मे रोजी सहा चांगले नेमबाज एका अस्वलावर गेले. चौघांनी एकदम बार काढले आणि दोघांनी आपले बार राखून ठेवले. चारही गोळ्या लागल्या तरी अस्वल उसळून अंगावर आले. राखलेले दोन्ही बार उडाले आणि एकाने त्याचा खांदा मोडला, पण त्याचा वेग फारसा कमी झाला नाही. माणसे पळाली, झुडपांत लपून पुन्हा बार भरत राहिली. शेवटी दोघांनी बंदुका टाकून वीसेक फूट उंच कड्यावरून नदीत उड्या घेतल्या आणि अस्वलही त्यांच्यामागे पाण्यात पडले. काठावरच्या एकाने त्याच्या डोक्यात गोळी घातली तेव्हा ते मेले. 14 जूनला मिसूरीच्या धबधब्यांजवळ लुईसने एक गवा मारला आणि बंदूक पुन्हा भरायची राहून गेली. वीस पावलांवर अस्वल आले. आसपास झाड नव्हते. तो कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि हातातला भाला रोखून वळला, तेव्हा अस्वलच मागे फिरले. बंदूक गरजेपेक्षा क्षणभरही रिकामी ठेवायची नाही, असा नियम त्याने त्या दिवशी स्वतःला घालून घेतला. धबधब्यांच्या परिसरात एकट्या माणसाला कामावर पाठवणेही त्याला शहाणपणाचे वाटेनासे झाले.

या घटना एकत्र ठेवल्या की शिकारीची पद्धत कशी घडली ते कळते. टोळीने जाणे, सगळ्यांनी एकदम बार न काढणे, काही बार राखून ठेवणे, जवळ झाड किंवा पाणी आहे का ते आधी पाहणे, गोळी झाडताच बंदूक भरणे हे सगळे नियम तुकडी मार खाऊन शिकली, आणि त्यांतले टोळीने जाणे मंडन-हिदात्सा लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. यावर आक्षेप असा येईल की याच तुकडीने चाळीसच्या आसपास ग्रिझली मारले आणि तिचा एकही माणूस अस्वलाने मारला नाही, मग एकाच बाराने अस्वलाचे रक्षण झाले ते कुठे? आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून माझाच मुद्दा पुढे जातो. तीसहून अधिक माणसांची शिस्तबद्ध सैनिकी तुकडी जे करू शकते ते एकटादुकटा शिकारी करू शकत नव्हता. 1823 मध्ये आजच्या साउथ डकोटात ह्यू ग्लास साथीदारांपासून दूर असताना पिल्लांच्या आईच्या तावडीत सापडला आणि त्याचा देह फाटून निघाला. त्याच वर्षी जेडिडाया स्मिथचे डोके अस्वलाने सोलले आणि त्याचा कान सोबत्याला सुईदोऱ्याने शिवावा लागला. बीव्हरच्या कातड्यांसाठी डोंगरात फिरणाऱ्या अशा माणसांना ग्रिझलीच्या वाटेला जाऊन मिळण्यासारखे थोडे होते आणि गमावण्यासारखे सर्वस्व.

एकच बार हाच संयमाचा झरा असता तर गवेही वाचले असते. प्रत्यक्षात 1870 नंतरच्या जेमतेम पंधरा वर्षांत मैदानी गव्यांचे कळप संपले, आणि ते संपवणारी प्रमुख हत्यारे म्हणजे शार्प्स आणि रेमिंग्टन या एकबारी रायफलीच होत्या. या आता मागून भरायच्या काडतुसाच्या रायफली होत्या, त्यामुळे सरावलेला माणूस मिनिटाला आठ-दहा गोळ्या झाडू शके. तरी प्रत्येक गोळीमागे काडतूस हाताने घालावेच लागे. फरक जनावरात होता. शिकारी दूरवर बैठक मारून आधी कळपाची म्होरकी गाय पाडत असे. बाकीची जनावरे तिथेच घोटाळत राहत आणि एकेक करून मरत. उलटून अंगावर न येणाऱ्या जनावरापुढे एकबारी रायफलधारी संयमी राहिला नाही. ज्याच्यापुढे संयम सोडला तर स्वतःचा जीव जाणार होता, तिथेच तो संयमी राहिला.

ग्रिझलीच्या बाबतीत ही जोखीम नंतर हळूहळू काढून घेतली गेली. विंचेस्टरची 1873 ची रायफल भराभर गोळ्या झाडत होती, मात्र तिचे काडतूस मोठ्या अस्वलासाठी हलके होते. 1876 आणि 1886 च्या नमुन्यांनी ती उणीव भरून काढली. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1884 मध्ये वायोमिंगच्या बिगहॉर्न डोंगरात ग्रिझली मारले तेव्हा त्यांच्या हातात विंचेस्टरच होती. मोठा संहार मात्र बंदुकीने एकटीने केलेला नाही. पशुपालकांनी मेलेल्या गुरांत स्ट्रिक्निन भरून ठेवले, पोलादी सापळे लावले, आणि 1915 पासून केंद्र सरकारने हिंस्र पशूंच्या नायनाटासाठी पैसा देऊन पगारी शिकारी नेमले. विष घालणाऱ्याला अस्वलासमोर उभेही राहावे लागत नाही. कॅलिफोर्नियाने 1911 मध्ये ग्रिझलीचे चित्र असलेला झेंडा राज्याचा म्हणून स्वीकारला आणि 1922 मध्ये तुलारी परगण्यात तिथले शेवटचे ज्ञात ग्रिझली मारले गेले. काही इतिहासकार म्हणतील की खरे कारण शेती, गुरे आणि वस्ती हेच होते, हत्यार दुय्यम. वस्तीमुळे अस्वल आणि माणूस समोरासमोर आले हे खरेच आहे. पण त्या गाठीत कोण मागे सरणार हे ठरले ते मारणाऱ्याच्या सुरक्षिततेवर. ठासणीच्या बंदुकीच्या काळात कित्येकदा माणूस मागे सरला, पुढे ती वेळ अस्वलावर आली.

म्हणून आज सिंगल-शॉट रायफल घेऊन जाणाऱ्याच्या निवडीकडे तारतम्याने पाहावे. पहिल्या गोळीसाठी पुरते जवळ जाणे, खात्री नसेल तर बार न काढणे या सवयी चांगल्याच आहेत, आणि एकाच गोळीच्या मर्यादेमुळे त्या अंगी लागू शकतात. पण सोबत दुसरा माणूस भरलेली रायफल घेऊन उभा असेल, तर जुन्या शिकाऱ्याची जोखीम तिथे उरलेली नसते आणि जोखमीविना केवळ हत्यारातून नीती येत नाही. रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी 1887 मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब स्थापला. या क्लबाने सापळ्यातले किंवा पाण्यात पोहणारे जनावर मारणे खिलाडू वृत्तीला सोडून आहे असे ठरवले, ते हेच ओळखून. जनावराची ताकद जो आवर घालत होती, तो आता माणसाने स्वतःच्या नियमांनी घालायला हवा होता. त्या नियमांना कायद्याचे बळ फार उशिरा मिळाले. अलास्का वगळता अमेरिकेत एके काळी सुमारे 50,000 ग्रिझली होते असा अंदाज आहे. 1975 मध्ये त्यांना धोक्यातील प्रजाती म्हणून संरक्षण मिळाले तेव्हा हजारसुद्धा उरले नव्हते, आणि आज ते दोन हजारांच्या आसपास आहेत. ही वाढ कोणत्याही रायफलीमुळे झालेली नाही. ती कायद्यामुळे झाली आहे, आणि कायदा सैल झाला तर एकबारी बंदूक त्या अस्वलांना वाचवणार नाही.